दोन तोंडांची गाय

खंबाटकीचा घाट चढून होईपर्यंत गाडीत शांतता होती. माथ्यावर आल्यावर मागच्या सीटवरून लेकीने विचारलं, “मामा, थ्री तू स्वतः पूर्ण खेळलायस, की नुसतं ऐकून नावं ठेवतोस?”

माझा भाऊ माझ्या शेजारी बसला होता. त्याने पट्टा सैल केला आणि कमरेतून अख्खा मागे वळला. आता सांगलीपर्यंत आपल्याला गाडी चालवण्यापलीकडे काही काम नाही, हे मी ओळखलं. निघालो होतो आत्याच्या पंचाहत्तरीला. पण पुढचे साडेतीन तास गाडीत चालली होती ती एका जळून गेलेल्या अमेरिकेची वाटणी, आणि दोघंही तलाठ्यासमोर सातबारा घेऊन आल्यासारखे बोलत होते.

मी गेम खेळत नाही. आधी भावाचं आणि मग लेकीचं ऐकून ‘फॉलआउट’बद्दल जे कानांवर पडलं, तेवढंच माझं ज्ञान. १९९७ साली इंटरप्ले या अमेरिकी कंपनीने पहिला भाग काढला. त्यातली अमेरिका आपल्या ओळखीची नाही. १९५०च्या दशकातल्या जाहिराती ‘उद्याचं जग’ म्हणून जे दाखवायच्या ते सगळं तिथे खरं झालंय. अणुशक्तीवर धावणाऱ्या मोटारी आहेत, घरकाम करणारे यंत्रमानव आहेत, आणि साम्यवाद्यांची धास्तीही तेव्हाचीच आहे. २३ ऑक्टोबर २०७७ला बॉम्ब पडतात आणि कारभार आटोपतो. काही लोक जमिनीखालच्या ‘व्हॉल्ट’मध्ये शिरून वाचतात. हे व्हॉल्ट बांधणाऱ्या व्हॉल्ट-टेक कंपनीला त्यातल्या बहुतेकांत माणसं वाचवायची नव्हतीच, कोंडलेल्या माणसांवर प्रयोग करायचे होते, हे खेळता खेळता उघड होतं. पुष्कळ वर्षांनी कुणीतरी एक जण दार उघडून बाहेर पडतो. बहुतेक भागांत तो कुणीतरी म्हणजे आपण.

१९९८ला दुसरा भाग आला. तिसरा अर्धवट असताना, २००३च्या डिसेंबरात, तो करणारा ब्लॅक आयल हा विभागच बंद पडला. मग मेरीलँडच्या बेथेस्डा कंपनीने आधी परवाना घेतला आणि २००७ला साडेसत्तावन्न लाख डॉलर मोजून मालिकाच विकत घेतली. ‘थ्री’ म्हणजे त्यांनी काढलेला तिसरा भाग. माझा भाऊ या खरेदीबद्दल वडिलोपार्जित जमीन गेल्याच्या स्वरात बोलतो. माझी लेक तेव्हा नुकती बोलायला लागली होती.

“पूर्ण खेळलोय,” भाऊ म्हणाला. “दोनदा. दुसऱ्यांदा मुद्दाम, म्हटलं आपलंच काही चुकतंय का बघू. मला एकच सांग, मेगाटनमधले लोक खातात काय?”

“आलं परत खाणं.”

“अगं, पण सांग ना! न फुटलेला बॉम्ब मध्ये, भोवती पत्र्याचं गाव. शेत नाही, मळा नाही, दारात एखाददुसरं जनावर. युद्धाला दोनशे वर्षं झालीत. तरी दुकानाच्या फळीवर युद्धाआधीचे डबे आहेत, आणि हॉटेलातल्या टेबलाशी सांगाडा तसाच बसलाय. दोनशे वर्षांत कुणाला केर काढावासा वाटला नाही?”

भावाने स्वतःच्या खोलीचा केर काढल्याचं मला एकदाही आठवत नाही. पण मी समोरच्या ट्रककडे लक्ष दिलं.

“पहिल्या भागात बघ,” तो पुढे म्हणाला. “शेडी सँड्स. मातीच्या घरांचं एवढंसं गाव. शेत पिकवतात, गुरं पाळतात. गाऱ्हाणं काय, तर अंगाने वाढलेले विंचू गुरं मारतात. गावप्रमुखाची पोरगी टँडी. टोळीवाले तिला पळवून नेतात, आपण सोडवून आणतो. दुसरा भाग ऐंशी वर्षांनंतरचा. तोवर तेच गाव एका प्रजासत्ताकाची राजधानी झालंय आणि ती टँडी म्हातारी होऊन राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीत बसलीय. जग असं चालतं. माणूस राखेत फार दिवस बसून राहत नाही.”

“छान आहे. मी कुठे नाही म्हणते?”

“आणि पैसा! थंड पेयाच्या बाटलीची पत्र्याची बुचं हे चलन. पण का? तर हब नावाच्या बाजारपेठेतले व्यापारी त्या बुचांच्या बदल्यात पाणी द्यायला बांधील आहेत, म्हणून. दुसऱ्या भागात प्रजासत्ताकाची नाणी आली आणि बुचं बाद. एका विहिरीत आपल्याला दहा हजार बुचांचा खजिना सापडतो, किंमत शून्य. कपाटाच्या तळाशी जुन्या पाचशेच्या नोटा सापडाव्यात तसं. मग ‘न्यू वेगास’ या भागात प्रजासत्ताकाचा सोन्याचा साठा शत्रूने उडवला, नोटांवरचा विश्वास गेला आणि व्यापाऱ्यांनी परत बुचं काढली. परत पाण्याच्याच हमीवर. आता सांग, तुझ्या थ्रीमध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टनमध्ये, बुचंच का चालतात?”

“कारण फॉलआउट म्हटलं की बुचं.”

“हेच! पाटी लावायची म्हणून लावली.”

“मामा, दिवसभर काम करून मी रात्री गेम लावते. तेव्हा मला रिझर्व्ह बँकेचा अहवाल वाचायचा नसतो.”

इथे मी हसले, आणि भावाने माझ्याकडे फितूर झाल्यासारखं पाहिलं.

सुरूर मागे पडलं. लेक थोडा वेळ गप्प होती, आणि ती गप्प झाली की पुढे काहीतरी येतं, हे मला माहीत आहे. “तुला ऑस्कर झुलू सापडलं होतं?” तिने विचारलं.

भावाला आठवेना.

“रेडिओचा मनोरा आहे एक. जाता जाता त्याचं बटण दाबलं की आपल्या मनगटावरच्या यंत्रात एक नवीन स्टेशन लागतं. एक माणूस बोलतोय. तो कुटुंबाला घेऊन जवळच्याच एका गटाराच्या खोलीत लपलाय. मुलगा खूप आजारी आहे, ऐकणाऱ्याने कृपा करून औषध घेऊन यावं. मी बारावीत होते, रात्रीचे दोन वाजले असतील. मी धावत सुटले, मामा. खरंच धावत. सिग्नल कुठे वाढतो, कुठे कमी होतो, त्या अंदाजाने शोधत गेले. झाकण सापडलं. उतरले. आत सांगाडे होते.”

“ध्वनिमुद्रण होतं ते.”

“दोनशे वर्षं तेच वाजत होतं. मनोऱ्याची वीज गेलेली, म्हणून कुणाला ऐकूच आलं नव्हतं. बटण मी दाबलं, म्हणजे त्यांचं पहिल्यांदा ऐकणारी मी. त्यासाठी कुणी मोहीम दिली नाही, बक्षीस नाही, नकाशावर बाण नाही. नसतं सापडलं तरी गेम पुरा झाला असता. तिथे केर काढलेला मला नको होता. कुणीतरी होतं इथे, एवढं दिसायला हवं.”

बाबा गेल्यावर आईने त्यांच्या टेबलाला आम्हाला सहा महिने हात लावू दिला नव्हता. भावाला ते आठवलं की नाही, कोण जाणे. तो खिडकीबाहेर बघत होता.

“आणि केर म्हणशील, तर तो काढलाय बरं का,” लेक म्हणाली. “फोरमध्ये. कॉड्सवर्थने.”

कॉड्सवर्थ कोण, ते मला विचारावं लागलं. ‘फॉलआउट ४’मध्ये, म्हणजे २०१५च्या भागात, गोष्ट बॉस्टनजवळच्या एका टुमदार वस्तीत, ऐन बॉम्ब पडायच्या सकाळी सुरू होते. आपण, जोडीदार आणि तान्हं मूल धावत व्हॉल्टमध्ये शिरतो. तिथे आपल्याला गोठवून ठेवतात. जाग येते तेव्हा दोनशे दहा वर्षं गेलेली असतात, जोडीदाराला मारून बाळ कुणीतरी नेलेलं असतं. घरी परतावं तर अंगणात घरगडी यंत्रमानव अजून कुंपणाची झाडं कापतोय. हाच कॉड्सवर्थ. पहिली कित्येक वर्षं त्याने फरशीला पॉलिश करण्यात घालवली, पण किरणोत्सर्गी धूळ लाकडी फरशीवरून निघता निघत नाही. आणि कोसळलेल्या घरातली धूळ पुसणं किती निरर्थक, हे तो आपल्याला रडवेला होऊन सांगतो.

भाऊ मनापासून हसला. “हा प्रसंग बरा होता. मान्य.”

“बरा?”

“चांगला होता. पण मग पुढे काय केलं त्यांनी? नायकाला आवाज दिला आणि तोंडाला कुलूप लावलं. कुणी काही विचारलं की चारच उत्तरं. होय, खवचट होय, आणखी सांगा, आणि आत्ता नाही पण नंतर होय.”

“ते वाईटच होतं. त्याची बाजू मी घेणार नाही.”

इतक्या सहज माघार भावाला अपेक्षित नसावी. त्याने घाईघाईने दुसऱ्या भागाचा गड लढवायला घेतला. या गेममध्ये सुरुवातीला आपलं माणूस घडवावं लागतं. ताकद, नजर, चिवटपणा, छाप, बुद्धी, चपळाई, नशीब, अशा सात गुणांत ठरावीक गुण वाटायचे. भावाने कॉलेजात असताना बुद्धीला सगळ्यात कमी गुण देऊन खेळून पाहिलं होतं. मग आपलं माणूस धड वाक्य बोलत नाही, नुसतं ‘उं, हं’ करतं. लोक हाकलून देतात, कामं मिळत नाहीत.

“क्लॅमथ नावाच्या गावात टॉर म्हणून एक गुराखी आहे. भोळसट. हुशार माणूस घेऊन गेलात तर तो बोबडं काहीतरी बोलतो. पण आपणच मठ्ठ असलो, तर त्या दोघांचं संभाषण एकदम पंडिती भाषेत सुरू होतं! दोन विद्वान निवांत चर्चा करतायत. बाहेरच्यांना ऐकू येतात ते फक्त हुंकार.”

“काय सांगतोस?” लेक पुढे सरकली. हे तिला खरंच माहीत नव्हतं.

“किती जण बुद्धी एकवर ठेवून खेळणार होते? पाच टक्के? तरी कुणीतरी बसून लिहिलं. आपण जसे असू तसं जग वागतं. तुझ्या थ्रीमध्ये जगाला आपलं काही पडलेलंच नाही. शेवट आठव. किरणोत्सर्गाने भरलेल्या खोलीत कुणीतरी जाऊन कळ फिरवायची, जाणारा मरणार. शेजारी फॉक्स उभा, ज्याला किरणोत्सर्गाने काही होत नाही. त्याला म्हणावं, बाबा रे, तू जा. तर तो म्हणतो, हे तुझं विधिलिखित आहे, मी कसा मोडू? आमच्या गल्लीतला पोरगाही असला बहाणा करणार नाही.”

“पुढच्या वर्षी दुरुस्त केलं ते.”

“वेगळे पैसे घेऊन!”

साताऱ्याच्या पुढे चहाला थांबलो. भावाने तिथे मला, मागे कैकदा सांगितलेलं, पहिल्या भागातल्या मास्टरचं आख्यान पुन्हा ऐकवलं. तो सगळ्या माणसांना विषाणूच्या हौदात बुडवून महामानव करायला निघालेला असतो. त्याच्याशी लढायची गरज नाही. आधी कागदपत्रं मिळवायची, मग समोर उभं राहून दाखवून द्यायचं की, तुझ्या महामानवांना पोरंबाळं होत नाहीत, तुझा वंश इथेच संपतो. मास्टर खचतो आणि स्वतःसकट सगळं उडवून देतो. एवढा पराक्रम करून नायक व्हॉल्टच्या दाराशी येतो, तर आतला प्रमुख म्हणतो, तू आता बदललास, तुला आत घेतलं तर पोरं बाहेर जायला बघतील. आणि परत पाठवतो. भावाच्या आवाजाला अजून कंप येतो या ठिकाणी. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं झाली.

“तुम्ही जुने लोक ना, सगळं सोज्वळ करून सांगता,” लेक म्हणाली. “टूमध्ये गाडीची डिकी गाडी सोडून एकटीच गावोगाव फिरायची, ते का नाही सांगत?”

“फिरायची खरी,” भाऊ खजील झाला. “आणि माझी सीडी रस्त्यावरची, बहुतेक युरोपातल्या आवृत्तीची. तिथल्या नियमांना घाबरून त्यांनी लहान मुलंच काढून टाकली होती. म्हणजे चित्रं काढली, मुलं राहिली. डेन नावाच्या गावात दुकानाच्या दाराशी पाकीटमार पोरं असतात. माझ्या गेममध्ये ती अदृश्य. मी दुकानात शिरतो, बाहेर येतो, खिशातली वस्तू गायब. दोन महिने मी कॉम्प्युटर बिघडलाय असं समजत होतो.”

“थ्री तरी सरळ दुकानातून घेतलास का?”

“घेणार कुठून? एक्सबॉक्सवर भारतात आलाच नाही तो.”

हे खरं आहे. २००८च्या ऑक्टोबरात, गेम बाहेर पडायच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की, भारतातल्या सांस्कृतिक संवेदनशीलता लक्षात घेऊन ‘फॉलआउट ३’ इथे आणायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. नेमकं काय खुपलं ते सांगितलं नाही. पण खेळणाऱ्यांनी एकमुखाने बोट दाखवलं ते गाईकडे. ‘फॉलआउट’च्या जगातल्या गाईला दोन तोंडं असतात. तिचं दूध पितात, तिच्या पाठीवर ओझं लादतात, तिचं मांस भाजून खातात, आणि तिचं नाव आहे ब्राह्मिन.

“नावावरून एवढं?” चहावाला आमचं ऐकत होता, तो म्हणाला.

आता मात्र मला बोलावंच लागलं. एका अंकासाठी देशी गुरांवर लिहिताना मी हे वाचलं होतं. अमेरिकेत ब्राह्मन नावाची गुरांची जात आहे. टेक्सासच्या उन्हात आणि गोचिडांत युरोपी गुरं टिकेनात, म्हणून भारतातून वशिंडाची जनावरं नेली आणि त्यांच्यातून ही जात तयार केली. त्यात गुजरातेतली कांकरेज आणि गीर आहेत, आंध्रातली ओंगोल आहे, आणि थोडं रक्त कृष्णाखोरीचंही आहे. कृष्णाखोरी म्हणजे आम्ही चाललो होतो तिथलीच. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दक्षिण मराठा मुलखातल्या संस्थानिकांनी काळ्या रानात जड नांगर ओढायला ही गुरं मुद्दाम पैदा केली. म्हणजे त्या दोन तोंडांच्या गाईचं कूळ शोधायला गेलं, तर ते आमच्या आजोळाच्या शिवारातही निघू शकतं.

“मग जात गुरांची, आणि अडचण झाली माणसांच्या जातीची,” लेक म्हणाली.

“गेममध्ये स्पेलिंग माणसांच्याच जातीचं आहे,” भावाने दुरुस्ती केली. असल्या बाबतीत तो कधी चुकत नाही.

चहावाल्याने पैसे घेताना विचारलं, “दोन तोंडं म्हणजे वैरण दुप्पट लागत असंल?” याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. भाऊ गाडीत बसल्यावर म्हणाला, “हा माणूस पहिल्या दोन भागांचा चाहता झाला असता.”

कऱ्हाडपर्यंतचा वेळ ‘न्यू वेगास’ने खाल्ला. हे प्रकरण जरा नाजूक आहे. २०१०चा हा भाग बेथेस्डाने स्वतः केला नाही, ऑब्सिडियन कंपनीकडून करवून घेतला, आणि तिथे ब्लॅक आयलची जुनी माणसं होती. त्यामुळे भावाच्या दृष्टीने हा दत्तक गेलेल्या घरातला सख्खा नातू. डोक्यात गोळी घालून पुरलेला एक टपालवाला वाचतो आणि मारेकऱ्याच्या मागावर निघतो. पुढे कळतं की, खरं भांडण हूवर धरणावरून आहे. पाणी आणि वीज कुणाची? प्रजासत्ताकाची, रोमन सैन्याची नक्कल करणाऱ्या गुलामधारी सीझरची, की जुगाराच्या गादीवर बसलेल्या मिस्टर हाउसची? सीझर माणसं क्रुसावर चढवतो आणि फावल्या वेळात हेगेलचं तत्त्वज्ञान समजावून सांगतो. भावाला असा खलनायक मिळाला की जेवण लागत नाही.

“आणि माहितीये ना,” तो म्हणाला, “समीक्षकांच्या गुणांची सरासरी पंच्याऐंशी झाली असती तर त्यांना बोनस मिळणार होता. चौऱ्याऐंशीवर अडकली. एका गुणासाठी!”

“माहितीये. त्यांच्याच एकाने जाहीर सांगितलं होतं. पण सरासरी का घसरली, मामा? पहिल्याच दिवशी पहिल्याच दृश्यात डॉक्टरचं मुंडकं गरागरा फिरत होतं.”

“दीड वर्ष मिळालं होतं बिचाऱ्यांना.”

“दीड वर्षात जमलं, कारण इंजिन आयतं होतं. बंदुका, दगड, खुर्च्या, वैऱ्यावर निशाणा धरायची पद्धत, सगळं थ्रीचं. बेथेस्डाने घर बांधलं, यांनी आत सुंदर नाटक बसवलं. नाटक मला आवडतं. पण घराला शिव्या देऊन त्याच घरातल्या नाटकाला टाळ्या वाजवायच्या, हे काही बरं नाही.”

यावर भाऊ बऱ्याच वेळाने म्हणाला, “बरोबर आहे.” मग लगेच, “पण नाटकच महत्त्वाचं.”

“तुझ्यासाठी. मला त्यात सारखं कुणीतरी हात धरून नेतंय असं वाटतं. उत्तरेला वळलं की राक्षस फाडून खातात, म्हणजे मुकाट दक्षिणेने जा. कुणाशीही बोला, तो आपला पक्ष कोणता ते विचारतो. मला जगात नुसतं चालायचं असतं रे. कुणी माझं मत न विचारता.”

मला वाटलं, हिच्या म्हणण्यात काहीतरी सापडतंय. म्हणून म्हणाले, “म्हणजे त्याला जग आपलं ऐकणारं हवं आणि तुला आपल्याला सांगणारं.”

“तसं नाही, आई,” लेक म्हणाली.

“तसं काही नाही, ताई,” भाऊ म्हणाला. तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत झालं.

मग मला वाटलं ‘सेव्हन्टी-सिक्स’वरही होईल, कारण या २०१८च्या भागाला सगळ्या जगाने धुतलं. एकटं खेळायची मालिका त्यांनी इंटरनेटवर चारचौघांत खेळायची केली, वेस्ट व्हर्जिनियाचे मोठे सुरेख डोंगर उभे केले, आणि त्यात बोलायला एकही जिवंत माणूस ठेवला नाही. नुसत्या ध्वनिफिती आणि प्रेतं. दोनशे डॉलरच्या संचात कॅनव्हासची पिशवी कबूल करून नायलॉनची दिली, त्यावरही बोंब झाली. पण लेकीने यावर एक शब्द वाईट काढला नाही. माणसं घातलेली आवृत्ती आली २०२०च्या एप्रिलात. आपण सगळे घरात कोंडलेलो तेव्हा. तिची दहावी, शेवटचा पेपरच रद्द झालेला. “मी व्हॉल्टमधून बाहेर आले तर समोर एक पूर्ण चिलखतातला माणूस उभा. मला वाटलं मारतो आता. त्याने जमिनीवर पाण्याच्या बाटल्या आणि औषधं ठेवली, हात हलवला आणि निघून गेला. तेव्हा खाली सोसायटीत कुणी कुणाच्या जवळही उभं राहत नव्हतं.”

“ते गेमचं श्रेय नाही, त्या माणसाचं आहे,” भाऊ म्हणाला.

“तूही घेतला होतास ना सेव्हन्टी-सिक्स?” मी विचारलं.

घेतला होता. पहिल्याच आठवड्यात. हल्ली तो प्रत्येक भाग पहिल्या आठवड्यात विकत घेतो आणि मग वर्षभर नावं ठेवतो. आमच्याकडे दिवाळी अंकांचंही हेच.

पेठ नाक्याला वळलो तेव्हा अंधारून आलं होतं. भाऊ एकाएकी म्हणाला, “बाकी सगळं सोड. शेडी सँड्स उडवायला नको होतं त्यांनी.”

हा विषय मला ठाऊक होता. २०२४च्या एप्रिलात ॲमेझॉनवर ‘फॉलआउट’ची मालिका आली, त्या आठवड्यात एका रात्री अकराला त्याचा फोन आला होता. “ताई, गेलं गं,” एवढंच. मी उठून बसले, माझ्या डोळ्यांपुढे सगळे म्हातारे नातेवाईक येऊन गेले. तर गेलं होतं ते शेडी सँड्स. मातीच्या घरांचं ते गाव, टँडीची ती राजधानी, मालिकेत एक प्रचंड खड्डा होऊन समोर येते. शाळेच्या फळ्यावर पतनाचं साल लिहिलेलं दिसतं, २२७७. न्यू वेगासची गोष्ट २२८१ची, आणि तेव्हा प्रजासत्ताक चांगलं उभं होतं. नंतर निर्मात्यांनी खुलासा केला की, बॉम्ब न्यू वेगासच्या गोष्टीनंतर पडला. भावाला खुलाशाशी कर्तव्य नव्हतं.

“सत्तावीस वर्षं ते गाव मोठं होताना बघितलं मी,” तो म्हणाला. “पहिल्यांदा गेलो तेव्हा दाराशी एक बाई पहाऱ्याला उभी होती, तिने हत्यार खाली ठेवायला सांगितलं होतं. आणि यांनी दोन मिनिटांत खड्डा दाखवला. कारण काय, तर पडीक जग दिसायला छान दिसतं. काही उभं राहिलं की यांची पंचाईत होते. मग परत पाडा.”

लेक काही बोलली नाही. आष्टा येईपर्यंत बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “मामा, त्या खड्ड्याशी मालिकेतला मॅक्सिमस उभा राहतो, तो भाग तू परत बघितलास?”

“दोनतीनदा.”

“का?”

“बघितला.”

“तिथे कुणी केर काढला नाही म्हणून तक्रार नाही केलीस ती.”

भावाने पट्टा घट्ट केला, समोर बघून बसला. थोड्या वेळाने म्हणाला, “तिथली गोष्ट वेगळी आहे. तिथले लोक काय खायचे ते मला माहीत होतं.”

रात्री आत्याकडे जेवणं झाल्यावर, पाहुण्यांच्या गाद्या घातल्या जात असताना, लेकीने लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवला. पहिला भाग. भावाने तिच्या लॅपटॉपवर तो घालून दिला होता, किंवा तिने त्याच्याकडून मागून घेतला होता, दोघं वेगवेगळं सांगतात. सात गुण समोर आले. बुद्धी कमी ठेव, गंमत येईल, असं दोघंही म्हणाले. मी ऐकलं नाही. व्हॉल्ट तेराची पाणी शुद्ध करायची चकती बिघडली आहे, दीडशे दिवसांत नवी आणा, असं सांगून मला बाहेर ढकललं. मागे ते चाकासारखं दार बंद झालं. समोर गुहा, आणि दाराशीच एक माणूस मरून पडलेला. माझ्याआधी बाहेर पडलेला. नाव एड.

“याला पुरायचं कसं?” मी विचारलं.

“बघ!” लेक ओरडली. “आईला आधी त्याचं वाईट वाटलं.”

“वाईट कसलं? तिला ते दारातून हलवायचंय,” भाऊ म्हणाला. “ताई केर काढायला निघालीय. मी काय म्हणत होतो दुपारपासून?”

“हलवायचं असतं तर ओढायचं कसं विचारलं असतं. ती पुरायचं म्हणाली.”

तेवढ्यात अंधारातून पहिला उंदीर आला. पळायचं कसं ते मला माहीत नव्हतं, आणि सांगायला दोघांपैकी कुणीही मोकळं नव्हतं.